नदीखालच्या जमिनीची पावती

फॉर्मवर चौदावा प्रश्न होता:
घराला पुरापासून कोणतं संरक्षण आहे?
मोन्ताजनं तो बंगालीत विचारला.
खोतेजान पदराआड हसली
आणि मला मनगटाला धरून भिंतीपाशी घेऊन गेली.
भिंत म्हणजे पत्रा. पत्र्याला नटबोल्ट.
दुपारच्या अजानीला सोडवायला बसलं
तर दिवेलागणीच्या आत घर होडीत.
आजवर तेरा वेळा.
दाराची चौकट मात्र तीच, लग्नातली.

रकान्यात मी लिहिलं:
पाना, दहा-अकराचा.

मी झीलंडची.
आमच्याकडे घरं हलत नाहीत, समुद्राला हलवतात.
वारा वायव्येला वळला की वडील
ताटावरून उठायचे, बूट चढवायचे,
रात्रभर बांधावर कंदील घेऊन
बिळं शोधत फिरायचे.
आमच्या चर्चच्या भिंतीत एक पितळी पट्टी आहे,
माझ्या डोक्याच्याही वर:
फेब्रुवारीतल्या एका रात्री पाणी इथवर आलं होतं.
त्यानंतर अख्ख्या देशानं ठरवलं, पुन्हा नाही.
ठरवता आलं, कारण पैसा होता,
आणि पैसा ज्यांच्या हातात
तेही बांधाच्या खालच्याच अंगाला झोपत होते.

त्याच्याही खूप आधी, राजेबिजे नव्हते तेव्हा,
ज्याच्या त्याच्या वाट्याला बांधाचे काही हात असत.
डागडुजी झेपेना झाली की
फावडं बांधात रोवायचं
आणि बायकापोरांना घेऊन चालू लागायचं.
जो ते उपटेल त्याचं शेत.
बांधही त्याचाच.

हे सांगितलं तेव्हा खोतेजान आत गेली,
खताच्या पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा घेऊन आली.
अकरा वर्षं ती सारा भरतेय
नदीनं गिळलेल्या अडीच बिघ्यांचा.
"तिथं आता मासे आहेत," मी म्हणाले.
"आहेतच की.
पण वर आली जमीन तर?
नदी विसरभोळी आहे, बाई,
तहसीलदार नाही."

बांध का मागत नाही?
तिनं हनुवटीनं पश्चिम दाखवली.
आहे ना बांध. सिमेंटचे ठोकळे, एकावर एक,
कचेरीसमोर, बर्फाच्या कारखान्यासमोर, शहरासमोर.
"तिथून हाकललेलं पाणी कुठं जातं
ते लिहिलंय का तुझ्या कागदावर?"

नव्हतं लिहिलेलं.
पाण्याला तिच्याकडे शब्दही दोन:
एक येतं ते, गाळ घेऊन,
सासुरवाशीण माहेरी यावी तसं दरसालचं;
दुसरं नेतं ते.
फॉर्मवर एकच शब्द होता, सहा देशांना मिळून.

मग विचारायची पाळी तिची.
तुमच्याकडे पाणी आतच येत नाही
तर जमीन वाढते कशी?
वाढत नाही, मी म्हणाले. खचते.
दरसाल थोडी थोडी. आम्ही पंप लावतो.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
सकाळी मी तिच्या अंगणाकडे पाहिलं होतं
अगदी तसंच.
आणि ओंजळभर काळे उडीद माझ्या रुमालात बांधले.
ओल्या गाळावर नुसते फेक, म्हणाली,
नांगर लागत नाही.
आमच्याकडे ओला गाळ कुठला आणायचा
हे मी तिला सांगितलं नाही.

परतीच्या होडीत इंजिनाच्या आवाजावरून ओरडत
मोन्ताजनं सांगितलं:
त्या दुसऱ्या शब्दाच्या वर्षी तिची धाकटी गेली.
सात वर्षांची होती. बोल्ट सोडवायला हीच मदत करायची,
बोटं बारीक म्हणून.

पंधरावा प्रश्न राहिला होता:
गेल्या दहा वर्षांतली हानी, रकमेत.
मी पेनाचं टोपण काढलं.
"तो आम्ही विचारत नाही," मोन्ताज म्हणाला.
बाकी पाच देशांत भरून झालाय, मी म्हणाले,
आणि टोपण पुन्हा लावलं.